आजोबांची जावा पुन्हा रस्त्यावर आली, त्या अकरा महिन्यांची हकीकत

२९ ऑगस्ट २०२४ ला दुपारी पाणी उतरलं. तोवर विश्वामित्री नदी बडोद्यातल्या आमच्या कारेलीबागेत ठाण मांडून होती. जिना उतरून खाली आले तेव्हा पार्किंगमध्ये घोटाभर चिखल होता आणि कोपऱ्यात आजोबांची जावा मोटारसायकल उभी होती. तेरा वर्षं तिच्यावर टाकलेली चादर वाहून गेली होती. पाणी कुठवर चढलं होतं त्याची रेघ सीटच्या शिवणीवर स्पष्ट दिसत होती.

दुसऱ्या दिवसापासून सोसायटीत भंगारवाले फिरायला लागले. फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, जे मिळेल ते उचलत होते. एकाने जावाचे तीन हजार सांगितले, मग साडेतीन. बाबांना विचारायला वळले, तर ते गाडीपाशी उभे राहून खिशातल्या रुमालाने स्पीडोमीटरची काच पुसत होते. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलं.

एवढ्यावर हे काम सुरू झालं. याआधी मी कधी पंक्चरसुद्धा काढलेलं नव्हतं. ज्यांच्या घरी अशी एखादी गाडी चादरीखाली उभी आहे आणि सुरुवात कुठून करायची ते समजत नाही, त्यांच्यासाठी तारखा, खर्च आणि चुका सगळं लिहिते आहे.

गाडी १९७१ ची. आजोबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, त्यांनी ती नवी कोरी घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनत. १९७३ नंतर तिथल्या गाड्यांवर येझदी हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद झाला. म्हणजे कंपनीकडून सुटा भाग मागवायची सोय केव्हाच संपलेली. अडीचशे सीसीचं एकच सिलिंडर, त्याला दोन सायलेन्सर, बंदिस्त चेनकव्हर, खिळ्यासारखी किल्ली. किक आणि गिअर एकाच दांडीवर: दांडी आत दाबून फिरवली की तीच किक होते. लहानपणी शाळेतून येताना आजोबांच्या पाठीला गाल लावून मी हे सगळं पाहिलेलं आहे. आजोबा २००७ साली गेले. पुढे बाबा चालवत होते, २०११ मध्ये गुडघ्यांनी साथ सोडली आणि गाडी चादरीखाली गेली.

पुरानंतर चुलतभाऊ मदतीला आला आणि सगळ्यात आधी किक मारायला गेला. बाबांनी गॅलरीतून ओरडून त्याला थांबवलं. बुडालेलं इंजिन फिरवायचंच नसतं. जावाचं इंजिन टू-स्ट्रोक. त्यात क्रँकच्या, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या तेलाचं. तिथे गाळ शिरलेला असताना किक मारली तर तीच रेती बेअरिंग आणि सिलिंडरची भिंत खरवडून काढते. आम्ही प्लग काढला, खालचा ड्रेन बोल्ट काढला, कार्बोरेटर उतरवला आणि गाडी दोन्ही अंगांना कलवून पाणी जाऊ दिलं. राखाडी पाणी येतच राहिलं, दोन लिटर तरी असेल. मग प्लगच्या भोकातून डिझेल आणि इंजिन ऑईल अर्धं-अर्धं ओतलं आणि भोक कापडाने बंद केलं. पुढचे सहा आठवडे इंजिन तसंच मुरत राहिलं.

मेकॅनिक शोधायला तीन आठवडे गेले. दोघांनी फोनवरच नकार दिला, एकाने न बघता सव्वा लाख सांगितले. शेवटी बाबांच्या मित्राने पाणीगेटच्या पुढच्या गल्लीतल्या एका चाचांकडे पाठवलं. वय सत्तरीच्या पुढे, एका वेळी दोनच गाड्या हातात घेतात. पहिल्या भेटीत त्यांनी गाडीबद्दल काही विचारलंच नाही. "बेन, पहेलां आरसी बुक लावो," म्हणाले, म्हणजे आधी आरसी बुक आणा. कागद नसलेली गाडी त्यांनी मागे एकदा वर्षभर खपून बनवली होती. ती आजही कुणाच्या तरी दिवाणखान्यात शोभेला उभी आहे. उठताना आणखी एक वाक्य ऐकवलं: "उतावळ होय तो बीजे जाव." घाई असेल तर दुसरीकडे जा.

हा सल्ला मला लाख मोलाचा वाटतो. आधी कागद, मग पाना.

आरसी बुक पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडलं. कडा वाळवीने खाल्लेल्या, पण आतली पानं शाबूत. नाव आजोबांचं. नंबर जुन्या पद्धतीचा, तीन अक्षरं आणि चार आकडे. शेवटचा शिक्का जून २००६ चा, मुदत जून २०११ पर्यंत. आजोबा गेल्यावर नाव बदलायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

९ ऑक्टोबरला पहिल्यांदा आरटीओत गेले. जुना नंबर ‘वाहन’ या सरकारी संगणक प्रणालीत टाकला तर नोंदच सापडेना. अशा गाड्यांची आधी बॅकलॉग एंट्री करावी लागते, म्हणजे जुन्या रजिस्टरशी पुस्तक ताडून ती माहिती संगणकावर चढवतात. काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठीवर क्रम लिहून दिला: बॅकलॉग, विमा, पीयूसी, मग नाव बदलणं आणि नूतनीकरण, शेवटी गाडीची तपासणी. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. कारण क्रम चुकला की चक्रात अडकायला होतं. नंबर संगणकावर नसेल तर पीयूसी निघत नाही, विमाही होत नाही, आणि ते दोन्ही नसतील तर पुढचा अर्ज घेत नाहीत. अर्जाला आरसी बुक, आजोबांचा मृत्यूचा दाखला, बाबांचं आधार आणि चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून काढलेला ठसा जोडला. मधे दिवाळी आली. २६ नोव्हेंबरला मेसेज आला आणि घरी फोनवर नंबर टाकून पाहिला तर आजोबांचं नाव उमटलं.

चेसिस नंबरचा ठसा सगळ्यात आधी घ्या. जावात हा नंबर पुढे, हँडल बसतं त्या नळीपाशी असतो. आमच्या गाडीवर गंजाखाली तो जेमतेम वाचता येत होता. मी रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू पुसून काढला, तारेचा ब्रश लावला नाही. ठसे चार काढून ठेवले. पुढे चौकट रंगाला गेली तेव्हा त्या जागेवर ग्रीस आणि टेप लावून पाठवली. जाड पावडर कोटिंगखाली हे आकडे भरून जाऊ शकतात आणि तपासणीत आकडे दिसले नाहीत तर सगळी मेहनत वाया जाते. म्हणून पावडर कोटिंग मी केलंच नाही.

मधल्या काळात व्हिंटेज नोंदणीचा विचार झाला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, व्हीए अक्षरांची मालिका, आणि आधीपासून नोंदलेल्या गाडीला जुना नंबर राखता येतो. पण ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास पॅलेसच्या आवारात ट्वेंटी वन गन सल्यूटचा जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता, तिथे बाबांना नेलं होतं. तिथल्या गाड्यांना तोच मार्ग योग्य. आमची जावा कामावर जायची, भाजी आणायची, मला शाळेत सोडायची. तिला जुन्या शहरातल्या मांडवीतून जाता आलं पाहिजे, असं मला वाटत होतं. आम्ही साधं नूतनीकरण निवडलं.

त्यासाठी वारसाचे कागद लागले. बाबा आणि पुण्याची आत्या असे दोनच वारस. तलाठ्याकडून पेढीनामा, म्हणजे वारसांची वंशावळ, काढला, त्याला पंच लागतात, तर शेजारचे दोघे आनंदाने आले. आत्याचं ना-हरकत पत्र नोटरी करून कुरिअरने आलं. सोबत तिची हातची चिठ्ठी होती: "दादांच्या गाडीवर मला एक चक्कर हवी." नाव माझ्यावर करायचं की बाबांवर, हा प्रश्न मी पडूच दिला नाही. बाबांनी ती गाडी इतकी वर्षं चालवली, पण ती कधी त्यांच्या नावावर नव्हती.

१२ ऑक्टोबरला दसरा होता. चिखल धुतलेल्या, टाकी नसलेल्या त्या सांगाड्याला आम्ही झेंडूची माळ घातली. पुढच्या शनिवारी छोट्या टेम्पोतून, ६०० रुपये भाडं देऊन, ती चाचांकडे नेली.

चाचांची अट अशी की मी दर रविवारी तिथे बसायचं आणि साफसफाई स्वतः करायची. मजुरी त्यांनी १५,००० ठरवली, तीही तीन हप्त्यांत. पहिले दोन रविवार मी फक्त रॉकेलच्या तसराळ्यात नट-बोल्ट घासले. श्रीखंडाचे रिकामे डबे साठवले होते, ते फार कामाला आले. एका डब्यात एकाच जागेचे बोल्ट, वर कागदी टेप, त्यावर नाव आणि तारीख. सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो, दोन बाजूंनी. चार महिन्यांनी चेनकव्हरचा कोणता स्क्रू लांब आणि कोणता आखूड, हे कुणाला आठवणार?

इंजिन उघडल्यावर एकेक कळत गेलं. क्रँकचं एक बेअरिंग गंजून बसलेलं. कनेक्टिंग रॉड खालच्या टोकाला हलत होता. सिलिंडरवर उभे ओरखडे होते. पिस्टन मोजला तर ६५.५० मिलिमीटरचा भरला. मूळ बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ चा, म्हणजे ते इंजिन आधी दोनदा रिबोअर झालेलं, सिलिंडर आतून कोरून रुंद केलेलं होतं. पुढचं माप ६५.७५. दर वेळी पाव मिलिमीटर धातू जातो, आणि जेवढी मापं शिल्लक तेवढं सिलिंडरचं आयुष्य शिल्लक. म्हणून ओरखडे उथळ असतील तर उगाच रिबोअर करू नये. आमचे नखाला लागत होते.

डाव्या बाजूचं मोठं कव्हर मी घासत होते. आतल्या अंगाला तेलाचा काळा थर होता. तो गेल्यावर खाली पंचने ठोकलेले आकडे दिसले: १४-५-७८. रेल्वेच्या फिटरचा हात, सगळे आकडे एका रेषेत, सारख्या खोलीचे. आजोबांनी पहिलं रिबोअर केल्याची ती तारीख असणार, असं चाचा म्हणाले. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, चहा मागवला आणि कव्हर बराच वेळ मांडीवर घेऊन बसले. बाबांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, एकाच ओळीचं: "मी टॉर्च धरला होता."

सामानासाठी मात्र फार थांबावं लागलं. रॉडचा संच दिल्लीहून मागवला, तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. परत पाठवून बदली यायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून मी ४५० रुपयांचा व्हर्निअर कॅलिपर जवळ ठेवते आणि जुना भाग व्हर्निअरच्या जबड्यात धरून त्याचा फोटो विक्रेत्याला पाठवल्याशिवाय पैसे पाठवत नाही. रॉड, बेअरिंग, ऑईल सील मिळून ६,८०० लागले. पिस्टन, रिंगा आणि रिबोअरचे ३,६००. क्रँक दाबून उघडणं, नवा रॉड घालणं आणि पुन्हा सरळ रेषेत आणणं हे मकरपुरा जीआयडीसीतल्या एका टर्नरने १,२०० रुपयांत केलं. ऑईल सील स्वस्तातले घेऊ नका. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकची पेटी हवाबंद असावी लागते. सील गळला की एका बाजूने हवा शिरते किंवा दुसऱ्या बाजूने गिअरचं तेल ओढलं जातं, आणि मग कार्बोरेटर कितीही जुळवा, गाडी सुधारत नाही.

टूलबॉक्सचं झाकण मात्र कुठेच मिळेना. डिसेंबरात दोन रविवार अहमदाबादच्या गुजरी बाजारात गेले, साबरमतीच्या काठी भरतो तो. दुसऱ्या खेपेला जुन्या कुलपांच्या ढिगात मिळालं, २५० रुपयांना. आतल्या बाजूला मूळचा मरून रंग तसाच होता.

५ जानेवारीला इंजिन बंद करायची वेळ आली. चाचांनी मला हातोडी आणि आकड्यांचे पंच दिले. "तमारी तारीख नाखो, बेन." तुमची तारीख टाका. आजोबांच्या ओळीखाली मी ५-१-२५ ठोकलं. माझे आकडे वाकडे आहेत. त्यातला दोन खूपच खोल गेला आहे.

मग उत्तरायण, म्हणजे संक्रांत, आलं आणि बडोद्यात उत्तरायण आणि दुसऱ्या दिवशीच्या वासी उत्तरायणात कुणी पाना उचलत नाही. तो आठवडा मी घरी टाकीवर घालवला. आतला गंज काढायला पांढरं व्हिनेगर भरलं, मूठभर नट टाकले आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ हलवत राहिले. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने दोनदा धुणं फार महत्त्वाचं, नाहीतर उरलेलं आम्ल रात्रीत पुन्हा गंज चढवतं. लगेच हेअर ड्रायरने वाळवून आत तेल फिरवलं.

कार्बोरेटरमधले बारीक जेट चिकट तेलाने बुजलेले होते. ते साफ करताना बाबा शेजारी बसले होते. ते म्हणाले, आजोबा घर येण्याआधी शेवटच्या वळणावर पेट्रोलचा कॉक बंद करायचे, म्हणजे कार्बोरेटरमधलं उरलंसुरलं मिश्रण घरापर्यंत संपून जायचं. पेट्रोल उडून जातं, तेल मागे राहतं आणि राळ होऊन बसतं, म्हणून. बाबाही तेच करत आले. "शेवटच्या दिवशी गुडघा फार दुखत होता. कॉक तसाच राहिला," ते म्हणाले. तेरा वर्षं त्यांनी हे मनात ठेवलं होतं.

जुनी गाडी रंगवायच्या आधी चालू करून बघावी, हा चाचांचा नियम. चालू झाल्यावर काही ना काही गळतं, काहीतरी पुन्हा उघडावं लागतं आणि नव्या रंगावर पाने घसरतात. २३ फेब्रुवारीला, रविवारी, गंजक्या चौकटीत इंजिन बसवलं. नवं वायरिंग, सहा व्होल्टची बॅटरी, कॉइल, सगळं मिळून ४,३०० झाले होते. ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पॉइंटमधली फट ०.४ मिलिमीटर ठेवली. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीवर समोर बसले. दोन तास किक मारत होतो. प्लग काढला की ठिणगी दिसायची, पण पिवळी आणि मरगळलेली. चाचांनी नवा कंडेन्सर काढून टाकला आणि खणातला एक जुना लावला. ठिणगी निळी झाली. चार वाजून चाळीस मिनिटांनी गाडी बोलली. गल्ली पांढऱ्या धुराने भरली, सायलेन्सरमधून चिखलाचे खपले उडाले, पलीकडच्या गॅरेजमधली पोरं धावत आली. मला रडू आवरलं नाही. बाबा डोळे मिटून ऐकत होते. "आवाज अजून घट्ट आहे," म्हणाले.

त्यांचं खरं ठरलं. ९ मार्चला गल्लीत फेऱ्या मारताना इंजिन एकदम आवळलं आणि मागचं चाक घासत थांबलं. कार्बोरेटरच्या जोडावरून हवा खेचली जात होती. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), म्हणून वंगण कमी, म्हणून पिस्टन तापून फुगला. सिलिंडर वाचलं. पिस्टन बारीक पॉलिश पेपरने साफ करून नव्या रिंगा घातल्या, ९०० रुपये. त्या जोडाचं तीस रुपयांचं गॅस्केट मी घाईत न बदलता तसंच बसवलं होतं. नवं पिस्टन असताना आम्ही लिटरभर पेट्रोलला ५० मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) तेल घालत होतो, आता ४० मिली घालतो. पहिले काही शे किलोमीटर एका वेगाने ताणू नका, थांबा, इंजिनाला हात लावता येईल इतकं गार होऊ द्या.

होळीनंतर रंग. पेंटरला चकचकीत मेटॅलिक हवा होता. मी गुजरी बाजारातलं ते झाकण पुढे केलं. उन्हाने न विटलेला मूळ रंग त्याच्या आतल्या अंगाला होता, त्यावरूनच छटा जुळवली. रंगाचे ९,०००. दोन्ही रिम, हँडल, सायलेन्सर आणि टाकीच्या बाजूंचं क्रोम १४,५०० ला पडलं आणि त्याला पाच आठवडे लागले. टाकीला उजवीकडे एक पोचा आहे. कधीतरी पावसात अलकापुरीच्या गरनाळ्यात, म्हणजे रेल्वेखालच्या बोगद्यात, बाबा घसरले होते, तेव्हाचा. क्रोमवाला म्हणाला, काढून देतो. बाबा म्हणाले, राहू दे. राहिला.

सोळा इंची टायर, ट्यूब, चाकाला छत्तीस याप्रमाणे बहात्तर स्पोक आणि चाकं सरळ करणं यांचे ७,४०० झाले. एप्रिलअखेर गाडी उभी राहिली. माझ्याकडे लायसन्स फक्त बिनगिअरच्या गाडीचं होतं. ते गिअरसह करून घ्यायचं कामही याच महिन्यात केलं. पहिल्या चाचणीत आठाच्या वळणावर पाय टेकला, दुसऱ्या वेळी जमलं. हे काम आधी उरकून ठेवा, तारीख मिळायला वेळ लागतो.

मे महिन्यात विमा. ऑनलाइन कुठेच १९७१ हे साल निवडता येईना. शेवटी प्रत्यक्ष ऑफिसात गेले, त्यांनी माणूस पाठवून गाडीचे फोटो घेतले आणि थर्ड पार्टी दिला. १५० ते ३५० सीसीच्या दुचाकीला त्याचा दर तेव्हा १,३६६ रुपये होता, वर कर. पीयूसीची मला धास्ती होती. पण २००० सालाआधीच्या दुचाकींची मर्यादा वेगळी आहे, कार्बन मोनॉक्साइडला साडेचार टक्के. केंद्रावर जायच्या आधी पंधरा मिनिटं चालवून इंजिन गरम करून नेली आणि ती पास झाली.

मग फॉर्म ३१, वारसाच्या नावावर करण्यासाठी, आणि फॉर्म २५, नूतनीकरणासाठी. नूतनीकरणाची फी तेव्हा १,००० होती. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारसायकलींना ती २,००० झाली आहे. खरा खर्च उशिराचा. दुचाकीला महिन्याला ३०० या दराने आमचा जो आकडा निघाला, तो इंजिनाच्या सगळ्या सुट्या सामानापेक्षा मोठा होता. रात्री मला झोप लागली नाही. तुमच्या गाडीची मुदत कधी संपली ते बघा आणि हा आकडा कामाला हात घालण्याआधीच काउंटरवर काढून घ्या. तो माहीत असता तरी मी हे केलंच असतं, पण क्रोमला तेव्हा थांबले असते.

१७ जूनला तपासणी होती. बाहेर पाऊस. इन्स्पेक्टरांनी ठशाचा कागद नंबरावर धरून प्रत्येक आकडा ताडला, हॉर्न वाजवून बघितला, दिवे बघितले. ब्रेकचा दिवा लागला नाही, बल्ब येतानाच उडालेला. पुन्हा २४ जूनला. त्या दिवशी खिशात दोन बल्ब घेऊन गेले होते, त्यांची गरज पडली नाही. निघताना इन्स्पेक्टर म्हणाले, त्यांच्या वडिलांकडेही जावा होती, आणि सीटवर हात ठेवून क्षणभर थांबले.

जुलैचा दुसरा रविवार जगभरातले जावावाले जावा दिवस म्हणून पाळतात. तोवर कार्ड येईल असं वाटलं होतं, आलं नाही. ते पोस्टाने १८ जुलैला आलं. पाकीट बाबांनी फोडलं. मालकाच्या नावापुढे स्वतःचं नाव आणि त्याखाली वडिलांचं नाव त्यांनी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसायला आत गेले.

वहीतला हिशेब सांगायचा तर गाडीवर ६९,६०० रुपये झाले, कागदांचा खर्च वेगळा. सुरुवातीला मी चाळीस हजार धरले होते.

२० जुलैच्या रविवारी सकाळी बाबांना मागे बसवलं. गुडघ्यामुळे त्यांना पाय टाकायला स्टूल लागलं. मांडवीला वळसा घालून, वाडीतून प्रतापनगरला गेलो. रेल्वे वर्कशॉपच्या भिंतीलगत पाच मिनिटं गाडी उभी केली. बाबांनी दाखवलं, आजोबा कुठल्या झाडाखाली लावायचे. झाड आता नाही. सेव उसळ खाल्ली. येताना ढग भरून आले होते, पण पाऊस पडला नाही. गिअर बदलताना अजून माझी दांडी अडते, तेव्हा बाबांचा हात खांद्यावर घट्ट व्हायचा.

घराआधीच्या शेवटच्या वळणावर त्यांनी पाठीवर थाप दिली.

"कॉक बंद कर."

मी डावा हात खाली नेला आणि फिरवला. इंजिन सोसायटीच्या फाटकापर्यंत चाललं, पार्किंगमध्ये शिरताना दोनदा अडखळलं आणि आपल्या जागेवर येऊन थांबलं.